गॅरेजमधलं केबलचं रीळ सारखं बंद पडतंय? आधी ते पूर्ण ओढून बघा

संक्रांतीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत जे रीळ एका शब्दाची तक्रार न करता चालायचं, तेच एप्रिल लागला की रोज बंद पडायचं. असे दोन उन्हाळे गेले.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराला लागून दहा बाय अठराचं गॅरेज आहे. वर पत्रा, पुढं शटर. आतल्या भिंतीवर केबलचं रीळ लावलेलं, ओढलं की वायर बाहेर येते आणि हलका हिसका दिला की स्प्रिंगवर आपोआप आत जाते. दुकानात त्याला रिट्रॅक्टेबल रील म्हणतात, कुणी ऑटो रील म्हणतं. सुतात आयुष्य गेलेला माणूस म्हणून मी रीळच म्हणतो. त्यावर दोन यंत्रं चालायची. एक व्हॅक्युम क्लीनर, कारण नळाला पाणी रोज येत नाही आणि गाडी धुण्यापेक्षा धूळ ओढून घेणं परवडतं. दुसरा दीड एचपीचा छोटा कॉम्प्रेसर. दोन्ही लावून पंधरा-वीस मिनिटं झाली की खट्‌ आवाज यायचा, रिळावरचं लाल बटण वर यायचं आणि दोन्ही यंत्रं गप्प. लगेच दाबलं तर बटण राहायचं नाही. अर्ध्या तासानं दाबलं की पुन्हा चालू, आणि पुन्हा पंधरा मिनिटांचाच खेळ.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमची मेंटेनन्स करतो, बावीस वर्षं झाली. तरी घरच्या रिळाचं दुखणं मला दोन वर्षं कळलं नाही, कारण मी चुकीच्या टोकाकडून शोधत होतो. आधी प्लग बदलला. मग वायरमन आला, तो म्हणाला, "काका, एमसीबी मोठा टाकू का?" मी नको म्हणालो, पण जुना काढून तेवढ्याच अँपिअरचा नवा मात्र बसवून घेतला. बोर्डातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच, एकदाही पडला नव्हता, पडायचं ते रिळावरचं बटण. एवढी साधी खूण समोर असताना मी बोर्डावर पैसे घातले. तुमच्याकडंही असंच होत असेल तर पहिलं काम हेच करा: बंद पडतं तेव्हा नक्की काय पडतं ते बघा. बोर्डातला एमसीबी, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), की रिळाचं स्वतःचं बटण? तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

उत्तर मिळालं ते अचानक. शेजारच्या मित्राची गाडी फाटकाबाहेर उभी होती, तिच्या चाकात हवा कमी होती आणि आतून सगळा भुसा झालेला. मी रीळ शेवटच्या खुणेपर्यंत ओढलं, कॉम्प्रेसर आणि व्हॅक्युम दोन्ही बाहेर नेले. एप्रिलची दुपार, ऊन रणरणतं. तासभर दोन्ही चालली. शेवटी तोच म्हणाला, "का बे, आज बंद नाही पडलं तुझं मशीन?"

तिथं डोक्यात उजेड पडला. यंत्रं तीच, लोड तोच, ऊन उलट जास्त. फरक एकच, वायर रिळात गुंडाळलेली नव्हती.

गुंडाळलेली वायर का तापते

कुठलीही वायर चालू असताना थोडी तापतेच. मोकळी पडलेली असली तर ती उष्णता हवेत जाते. रिळात मात्र एका थरावर दुसरा थर, वरून प्लास्टिकचं झाकण, आतल्या थराला हवा म्हणून नाहीच. पांघरुणावर पांघरूण घातल्यासारखं.

माझ्या रिळात पंधरा मीटर वायर होती. कॉम्प्रेसर भिंतीपाशीच असायचा, म्हणून रोज बाहेर यायची ती जेमतेम तीन मीटर, बारा मीटर आत. व्हॅक्युमचे सहा आणि कॉम्प्रेसरचे सात धरून १३ अँपिअर जात होते. बारा मीटर वायरीत करंट जातो आणि परत येतो, म्हणजे चोवीस मीटर तांबं. एक एमएमच्या (वायरीच्या बाबतीत एमएम म्हणजे छेदाचे चौरस मिलिमीटर) तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १९.५ ओहम. हिशेब केला तर त्या बंद डब्यात सुमारे ८० वॅट उष्णता तयार होत होती. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब आठवा. त्यापेक्षा थोडा कमी तापणारा बल्ब टिफिनच्या डब्यात ठेवून झाकण लावल्यासारखं ते झालं.

उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. करंट निम्मा केला तर उष्णता निम्मी होत नाही, पावपट होते. म्हणून नुसता व्हॅक्युम लावला की माझं रीळ कधी पडायचं नाही, आणि दोन्ही लावले की हमखास पडायचं. मला वाटायचं कॉम्प्रेसरच बिघडलाय.

आता ऋतूचं कोडंही सुटतं. साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंशांपर्यंतच सोसतं. जानेवारीत दुपारी गॅरेजमध्ये ३० अंश असतील तर वायरीला तापायला ४० अंशांची जागा असते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याखाली तर ४५ धरायलाच हवेत. उरली पंचवीस अंशांची जागा. वायरीच्या तक्त्यांत ३० अंशांना जी क्षमता दिलेली असते ती ४५ अंशांना ०.७९ पटच धरतात. म्हणजे शंभरातले एकवीस अँपिअर नुसत्या उन्हानं खाल्ले. हा हिशेब मोकळ्या वायरीचा, गुंडाळलेलीचा त्याहून वाईट.

एमसीबी का पडला नाही, हेही इथंच कळतं. बोर्डात १६ अँपिअरचा एमसीबी होता. त्याला १३ अँपिअर म्हणजे काहीच नाही. त्याचं काम भिंतीतली अडीच एमएमची वायर वाचवणं. रिळातली बारीक वायर जळाली तरी तो शांत बसेल. ती वाचवत होतं फक्त ते लाल बटण, आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो. कुणी सांगेल की ते बटण काढून आतून डायरेक्ट जोडून देतो, तर जोडू देऊ नका. थेट जोडलेल्या रिळाचं झाकण उघडल्यावर आत सगळ्या वायरी विरघळून एकच काळी वडी झालेली मी कारखान्यात बघितली आहे.

बटण पण दोन तऱ्हेचं असतं. एक करंटवर पडतं, दुसरं उष्णतेवर. ओळखायची रीत सोपी: वायर पूर्ण ओढून, जमिनीवर मोकळी पसरून तोच लोड लावा. तरीही तेवढ्याच वेळात पडलं तर लोड रिळाच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे. नाही पडलं तर गुंडाळलेल्या वायरीची उष्णता हेच कारण. मात्र पसरायची म्हणजे पसरायचीच. बाहेर काढून त्याचा कोपऱ्यात ढीग घातला तर रीळ जमिनीवर आलं, एवढंच.

वायर खरोखर किती जाड आहे

माझ्या रिळावर दीड एमएम छापलेलं होतं, आणि वर मी एकचा हिशेब दिला. त्याचं कारण सांगतो. प्लग बदलताना कापलेला वायरीचा तुकडा खिशात राहिला होता. संध्याकाळी पेपर पसरला, एक कोअर सोलली आणि तारा एकेक करून वेगळ्या केल्या, ताण्याचे धागे मोजावेत तशा. चौदा भरल्या. व्हर्नियर लावला, एकेक तार ०.३ मिलिमीटर. आपल्याकडच्या वायरींत चौदा तारा ०.३ च्या म्हणजे एक एमएम. दीडला बावीस लागतात, अडीचला छत्तीस. काही कंपन्या जास्त बारीक तारा जास्त संख्येनं घालतात, त्यामुळं नुसती संख्या बघून चालत नाही, जाडीही मोजावी लागते. एका तारेच्या जाडीचा वर्ग करा, त्याला ०.७८५ नं गुणा, मग तारांच्या संख्येनं गुणा. आलं ते खरं माप.

मी प्रत्येक तार ब्लेडनं खरवडूनही बघितली. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. माझी तांब्याचीच होती, तेवढं समाधान. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि ते स्क्रूखाली दबून कालांतरानं ढिलं पडतं. रिळासारख्या सारख्या हलणाऱ्या वस्तूत ते नकोच.

दुकानात वायर कापू देत नाहीत. तिथं वजन कामाला येतं. तीन कोअर अडीच एमएमच्या पंधरा मीटर केबलीत नुसतं तांबंच एक किलोच्या आसपास भरतं, दीड एमएममध्ये सहाशे ग्रॅम. वर आवरण, रबर, स्प्रिंग, डबा वेगळा. "अडीच एमएम, पंधरा मीटर" लिहिलेला अख्खा डबा दोन-अडीच किलोत हातात येत असेल तर तो परत ठेवा.

आवरणावर ठसा असतो तोही वाचा. भारतीय मानकाचा नंबर पीव्हीसी केबलीसाठी आयएस ६९४, रबरासाठी आयएस ९९६८. रिळाच्या पट्टीवर दोन वेगवेगळे वॅट दिलेले असतील तर ते रीळ बनवणारा माणूस प्रामाणिक समजा: एक आकडा गुंडाळलेल्या वायरीचा, दुसरा पूर्ण ओढलेल्या वायरीचा. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. एकच आकडा असेल तर तो पूर्ण ओढलेल्याचा आहे असं धरून चाला.

व्होल्ट कुठं गळतात

हे वायरमनकडून करून घ्या, चालू लाइनवर घरी प्रयोग नकोत. लोड चालू असताना भिंतीच्या सॉकेटवरचं व्होल्टेज आणि रिळाच्या टोकाचं व्होल्टेज मोजायचं. माझ्याकडं ११ व्होल्टचा फरक आला. पंधरा मीटर एक एमएम वायर, १३ अँपिअर, वायर तापलेली, असं सगळं धरून ९ व्होल्टपर्यंत समजू शकलो असतो. वरचे दोन व्होल्ट कुठं गेले?

दोन व्होल्ट ऐकायला काहीच नाहीत. पण १३ अँपिअरला दोन व्होल्ट म्हणजे २६ वॅट, तेही नखाएवढ्या जागेत. सोल्डरिंगची छोटी इस्त्री साधारण एवढ्याच वॅटची असते.

त्यातले काही प्लगमध्ये सापडले. नवा प्लग मी १६ अँपिअरचा घेतला होता, पण सॉकेट जुनं, त्याच्या आतल्या पट्ट्या फाकलेल्या. प्लग काढला तर एका पिनेच्या मुळाशी तपकिरी कडं उमटलं होतं, चहाच्या कपाखाली बशीवर उमटतं तसं. बोट लावलं तर चटका बसला, आणि तो जळक्या बॅकेलाइटचा मासळीसारखा वास. असा वास गॅरेजमध्ये आला तर इतर काही तपासायच्या आधी मेन बंद करून सॉकेट बघा. मोठ्या पिनेवरून लहान पिनेवर आणणारा कन्व्हर्टर रिळाच्या प्लगला कधीच लावू नका, तो सहा अँपिअरच्या सॉकेटमधून सोळाचं काम मागतो.

राहिलेलं रिळाच्या पोटात होतं. स्प्रिंगवर फिरणाऱ्या रिळात ड्रम गरगर फिरतो आणि भिंतीकडून आलेली वायर मात्र स्थिर असते. या दोघांमध्ये वीज जाते ती पितळी कड्यांवरून, त्यांच्यावर स्प्रिंगनं टेकलेल्या पट्ट्या किंवा कार्बन घासत असतात. लूमवाल्यांना हे नवीन नाही, स्लिपरिंग मोटर ज्यानं उघडली आहे त्याला ते लगेच कळेल. माझ्या कड्यांवर रुईचं भुस्कट बसून, तापून, पिवळट थर झाला होता. कामाच्या कपड्यांवरून, पिशव्यांतून ते घरी येतंच, आणि तुमच्या वाड्यात किंवा मागच्या खोलीत माग चालत असतील तर विचारूच नका. सोलापुरात पेठांमधल्या घरांत रीळ लावणाऱ्यांनी वर्षातून एकदा हे बघायलाच हवं.

प्लग काढून ठेवायचा, वायर पूर्ण आत जाऊ द्यायची, आणि स्प्रिंगच्या उलट बाजूचं झाकण उघडायचं. कोरडा मऊ ब्रश, लागलाच तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. तेल नाही, ग्रीस नाही, त्याला भुस्कट आणखी चिकटतं. कड्यांवर खड्डे पडले असतील तर साफ करून उपयोग नाही, रीळ बदला. स्प्रिंगच्या बाजूचा डबा मात्र उघडू नका. आत पोलादी पट्टी दाबून गुंडाळलेली असते, ती सुटली तर बोटं कापते. मेंटेनन्सवाला आहे म्हणून सांगतो, मीसुद्धा तो उघडत नाही.

साफसफाई आणि नवं सॉकेट एवढ्यावर फरक ९ व्होल्टवर आला.

न दिसणारा बिघाड: अर्थिंग

फेज किंवा न्यूट्रलची कडी खराब झाली तर यंत्र बंद पडतं, आपल्याला कळतं. अर्थिंगची कडी खराब झाली तर काहीच होत नाही. व्हॅक्युम चालतो, कॉम्प्रेसर चालतो, आणि ज्या दिवशी कॉम्प्रेसरच्या पत्र्याला आतली वायर लागेल त्या दिवशी हात लावणाऱ्याला कळतं. या एका गोष्टीसाठी मला रिळांची काळजी वाटते.

तपासणी अवघड नाही. रीळ भिंतीच्या सॉकेटमधून काढलेलं. मल्टीमीटरची एक वायर प्लगच्या वरच्या जाड पिनेला, दुसरी रिळाच्या सॉकेटमधल्या वरच्या मोठ्या भोकात. आकडा एक ओहमच्या आत हवा. आता दुसऱ्या कुणाला केबल सावकाश ओढायला आणि सोडायला सांगा. आकडा स्थिर राहिला तर उत्तम. ड्रम फिरताना तो उड्या मारत असेल तर कडी गेली म्हणून समजा. माझ्या भाच्याला मी केबल ओढायला उभं केलं होतं. तिसऱ्या फेऱ्याला मीटर उघडं सर्किट दाखवायला लागला, ते बघून त्याचाही चेहरा बदलला. ते साफ केल्यावर सुटलं.

सॉकेट ज्या लाइनवर आहे तिला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा, आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा सुकतो. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओता. पाण्याची टंचाई मला माहीत आहे, भांडी धुतलेलं पाणी चालतं.

वायर आत जात नाही, किंवा अडकतच नाही

या तक्रारी जास्त येतात, पण बहुतेक किरकोळ. वायर हवी तिथं थांबत नाही, सोडली की परत पळते, असं म्हणणाऱ्या दहांतल्या बहुतेकांना खटक्याची रीत माहीत नसते. ओढताना रिळातून टक्‌-टक्‌ आवाज येतो. आवाज येत असताना सोडलं तर खटका खाचेत बसतो आणि वायर थांबते. आवाजाच्या पट्ट्याच्या पुढं गेल्यावर सोडलं तर ती परत जाते, आणि परत न्यायची तेव्हा हेच करायचं: थोडं पुढं ओढायचं, आवाज संपला की हातानं धरून सोडायचं. हातानं धरून, हे महत्त्वाचं. मोकळी सोडलेली वायर सापासारखी उसळते, टोकाचा सॉकेट गाडीच्या दारावर आपटतो. आमच्या गाडीच्या मागच्या दाराला त्याचा एक खड्डा आहे.

आत जाताना अर्ध्यात थांबत असेल तर आधी केबल पुसा. ग्रीस, ऑइल आणि धूळ मिळून जो चिकट थर होतो त्यानं तोंडाशीच ती अडकते. पुसायला जुना टॉवेल आणि साबणाचं पाणी, पेट्रोल नको, पीव्हीसी कडक होतं. मग पीळ बघा: पूर्ण ओढून, टोक मोकळं सोडून, पीळ उलगडू द्या. रिळाचं तोंड तुम्ही ओढता त्या दिशेला वळतंय का तेही बघा. ब्रॅकेट गंजून एका जागी बसला की केबल कडेवर घासत राहते. हे सगळं करूनही जात नसेल तर स्प्रिंगनं दम सोडला. केबलीवर शेवटच्या मीटर-दीड मीटरला रंगीत खूण असते, तिच्या पुढं हिसके देऊन ओढलं की स्प्रिंगचं टोक तुटतं.

नवं घेताना

जुनं रीळ मी टाकून दिलं नाही, त्याचं पुढं सांगतो. पण जड कामासाठी नवं घेतलं, आणि घेताना पहिल्यांदा टेप घेऊन गॅरेज मोजलं. आधी मोजायला हवं होतं. अठरा फूट म्हणजे साडेपाच मीटर. रीळ मधल्या भागात उंचावर लावलं तर लांबच्या कोपऱ्यात जमिनीपर्यंत यायला पाच मीटर पुरतात, फाटकापर्यंत नऊ. म्हणून दहा मीटरचं घेतलं. दुकानदार वीस, तीस मीटर दाखवतात, लांब म्हणजे चांगलं असं वाटतं. पण जी वायर बाहेर येणारच नाही ती आत बसून फक्त तापते. अडीच एमएम, दहा मीटर, त्यातली तीन बाहेर आणि सात आत, त्याच १३ अँपिअरला आतली उष्णता १९ वॅट. जुन्यात ८० होती.

ड्रिल, चार इंची ग्राइंडर, दिवा, एवढंच काम असेल तर दीड एमएम पुरते, ग्राइंडर सातशे-आठशे वॅटच्या आसपासच असतो. प्रेशर वॉशर, कॉम्प्रेसर, व्हॅक्युम असेल तर अडीच. कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना काही क्षण पाच-सातपट करंट ओढते. बारीक, लांब वायरीवर तेव्हा व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती गुणगुणत उभी राहते. लोक कपॅसिटर बदलतात, दोष वायरीचा असतो. केबल शक्यतो रबराची घ्या. पत्र्याखालच्या उन्हात पीव्हीसी आधी चिकट आणि मग कडक होते.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी एक बघावं. परदेशी मालावर वायरीची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात असते आणि तो आकडा उलटा चालतो: १६ म्हणजे १.३ एमएम, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३. त्यावर १२५ व्होल्ट लिहिलेलं असेल तर ते अमेरिकेच्या लाइनसाठी आहे. प्लग कापून आपला लावला तरी आतले सॉकेट आणि बटण आपल्या २३० व्होल्टसाठी बनवलेले नसतात.

अडीचचं रीळ जड असतं, आणि प्रत्येक ओढीला भिंतीला हिसका बसतो. पत्र्याच्या पाइपाला ते लटकवू नका. विटेच्या भिंतीला किंवा स्लॅबला दहा एमएमचे अँकर. जुन्या पेठांत काळ्या दगडाच्या भिंती आहेत, तिथं भोक दगडात पाडा, सांध्यात नको. सांध्यात जुनी माती किंवा चुना असतो, अँकर महिन्यात हलायला लागतो. दगडात भोक पाडायला वेळ लागतो, बिट जळतात, पण पाडा.

आणि इलेक्ट्रिक कार. गल्लीत एकांनी घेतली, सॉकेट गाडीपासून लांब, म्हणून चार्जर रिळावर लावायचे आणि रात्री दोनला रीळ बंद. सकाळी गाडी अर्धीच भरलेली. १६ अँपिअरच्या सॉकेटवरचा तो चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो, तासन्‌तास चौदा अँपिअर ओढतो, आणि कुणी जागं नसताना. त्यासाठी कुठलंही रीळ घेऊ नका, अडीचचंही नाही. बोर्डापासून चार एमएमची वेगळी लाइन, स्वतःचा एमसीबी आणि आरसीसीबी, गाडीजवळ सॉकेट. मी त्यांना एक रविवार देऊन वायरमनबरोबर ते करून दिलं. स्कूटरचा चार्जर साधारण साडेतीन अँपिअर घेतो, तो चांगल्या रिळावर चालेल, पण त्यालाही वायर पूर्ण ओढूनच ठेवायची.

जुनं रीळ आता शटरजवळच्या कोपऱ्यात आहे, ड्रिल आणि हातदिव्यापुरतं. भाच्यानं त्यावर पांढऱ्या टेपवर लिहून चिकटवलंय: "एक एमएम. ७०० वॅटच्या वर लावू नये. पूर्ण ओढूनच वापरावे." नवं रीळ मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दीड वाजता चाळीस मिनिटं दोन्ही यंत्रं लावून चालवलं, फक्त तीन मीटर ओढून. बाजूला हात ठेवून बघितला, कोमट लागलं.